मारोतींची पंगत

३० मार्च, रविवार. पाडवा
संध्याकाळी गुढी उतरवून मंदिरात गेलो. बैठक होती. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष झाल्यापासून नानाभाऊंना दर वर्षी काही नवं सुचतं. यंदा हनुमान जयंतीला नावाजलेल्या मारोतींचा सत्कार. चंद्रपूरचे मारोती डॉक्टर, वडशाच्या नाटक कंपनीतले हसवणारे मारोती, आरमोरीकडचे मारोती पहेलवान. तिघांची कामं वेगळी, नाव एक.
नाना म्हणाले, "आपल्या गावात देवाले सोडून चार मारोती आहेत. एक तरी पेपरात आला का?"
टेलर मारोती म्हणाला, "पेपरात नाई, पण मतदार यादीत दोनदा आहो."
खूप हसलो. नाना माझ्याकडे बघून म्हणाले, "घंटी, पाहुण्यांचं तुझ्याकडे." आरतीला घंटा मी वाजवतो म्हणून मी घंटी मारोती.
कल्पना आवडली. खरं लिहायचं तर फारच आवडली. आपल्या नावाची माणसं कुठवर पोचली.

३ एप्रिल, गुरुवार
टोल्यावर गेलो, गावाबाहेरच्या वस्तीत, मारोतीदादांना निमंत्रण द्यायला. दादा आणि काकू मोहफुलं वेचत होते. दादांचे देव टोल्यामागच्या राईत, तरी नावाचा मान म्हणून आमच्या मारोतीला शनिवारची रुईची माळ त्यांच्याच हातची. मी पूजा करू लागलो त्याच्याही आधीपासून.
एका नावाची माणसं एकमेकांना नावानं हाक मारत नाहीत. वयानं मोठे म्हणून मी दादा म्हणतो. ते मला मिता म्हणतात, नावाचा सोबती. मी शाळेत होतो तेव्हाही मिताच म्हणायचे. तेव्हा लाज वाटायची, एवढा मोठा माणूस मला बरोबरीचा धरतो म्हणून.
सत्काराचं ऐकून म्हणाले, "डाक्टर आपला मिता? मंग गुडघा फुकट पाह्यन का रे?"

६ एप्रिल, रविवार. रामनवमी
नानांशी पंगतीचं बोलणं. जयंतीला पहिल्या पंगतीत गावचे सगळे मारोती बसतात, वयानं मोठा तो देवाच्या दाराशी. आजोबांच्या वेळेपासून हेच. नाना म्हणाले, "बसन नं सारेच. पाहुणे तीनच तं आहेत."
बरं वाटलं.

११ एप्रिल, शुक्रवार
मांडव झाला. पळसाच्या पत्रावळी टोल्यावरून आल्या. उद्या माझाही सत्कार करायचं नानांच्या मनात आहे म्हणे, पुजारी म्हणून. नको म्हणालो. एकदाच म्हणालो.

१२ एप्रिल, शनिवार. हनुमान जयंती
सूर्योदयाला जन्म झाला. दादांची माळ मोठी होती, देवाच्या पायापर्यंत.
सत्कार छान झाला. नटांनी भाषणात देवाचीच नक्कल केली, लहान पोरं लोळली. डॉक्टर कमी बोलले. पहेलवान बोललेच नाहीत, नारळ मात्र हातानं फोडून दाखवला. मलाही शाल मिळाली.
पंगतीला थोडी गडबड. पाहुण्यांसोबत माणसं बरीच आली. पानं वाढून झाली होती आणि नट उभेच, फोटोवाला थांबलेला. नाना कानाशी, "दाराजवळच्या बुढ्याले उठव. तुझं ऐकते तो." मी दादांना म्हणालो, दुसऱ्या पंगतीत बसता का. त्यांनी पहिला घास पानाबाहेर काढून ठेवला होता. "बरं," म्हणाले. वाढलेली पत्रावळ दोन्ही हातांनी दुमडून उचलली, म्हणजे पाहुण्याला नवं पान मांडता येईल.
नट बसता बसता थांबले. जमिनीवर तो घास होता. "इथी कोणी बसलं होतं का? अन्नावरून नाई नं उठवलं कोणाले?"
मी म्हणालो, "नाही, त्यांचं जेवण झालं."
मग डॉक्टरांशेजारी माझ्या पानावर बसलो. फोटो निघाला. दुसऱ्या पंगतीत दादांना शोधलं. नव्हते. दुपारी ऊन फार होतं, घरी गेले असतील.

१३ एप्रिल, रविवार
सकाळी सुनंदा चहा देताना म्हणाली, "दादाले उठवलं म्हणते सारं गाव."
मी म्हणालो, जागा नव्हती.
"तुमची होती नं. तुम्ही काऊन नाई उठले?"
तिनं भांडायला नाही, सहज विचारलं. चहा तसाच राहिला.
काल त्या क्षणी हे मनात आलंच नाही. आलं असतं आणि मी ते दाबलं असतं तर वेगळं. आलंच नाही. मी पण मारोती, वयानं लहान, माझं पान समोर. नानांनी दादांकडे बोट दाखवलं आणि मी दादांकडेच गेलो. अंगावर शाल होती.

१६ एप्रिल, बुधवार
नानांनी पंगतीचा फोटो मोठा करून आणला, काचेत. सभामंडपात लावला. मीच खिळा ठोकला. फोटोत माझा घास तोंडाजवळ आहे. आरती करताना नजर तिकडेच जाते. नजर देवावर ठेवायला इतकी वर्षं कधी कष्ट पडले नव्हते.

१९ एप्रिल, शनिवार
माळ आली नाही. दहा वाजेपर्यंत देवाला तसाच ठेवला. मग जास्वंदाची दोन फुलं वाहिली.
दुपारनंतर टोल्यावर. दादा अंगणात मोह वाळवत होते. उठून उभे राहिले. माझ्यासाठी! काकूला म्हणाले, पाणी आण. मग मला,
"बसा, मारोतीराव."
पाणी प्यालो. यंदा मोह कसा पडला ते विचारलं. अस्वलं फार येऊन राह्यली, म्हणाले. बोलायचं होतं ते बोललोच नाही. निघताना फाटकापर्यंत पोचवायला आले, पाहुण्याला पोचवतात तसे.
त्यांनी शिवी दिली असती तर

२२ एप्रिल, मंगळवार
टेलर मारोतीकडे सदरा टाकायला गेलो. तो मशीन थांबवून म्हणाला, "घंटी, तुले एक सांगू? त्या दिवशी मी पण तिथीच बसलो होतो. मी पण नाई उठलो." आणि पुन्हा मशीन चालवू लागला.
त्यानं हे माझं ओझं हलकं करायला सांगितलं असावं. झालं नाही. पण तो तरी बोलला.

२६ एप्रिल, शनिवार
रुईची माळ स्वतः केली. चीक हाताला लागून राहिला, पानं उलटीसुलटी. देवाच्या गळ्यात ती बघवेना.
पुन्हा टोल्यावर. या वेळी बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, दादा, माझं चुकलं, मी उठायला पाहिजे होतं.
ते म्हणाले, "उठवलं त्याचं काई नाई, मारोतीराव. जागा कमी पडते कधी." मग, "त्या नाटकवाल्याले तुम्ही सांगितलं का, मी जेवलो म्हून?"
त्यांची सून जयंतीला मंदिराच्या नळावर भांडी घासत होती. तिनं ऐकलं होतं.
हो म्हणालो.
"मी काई जेवलो नव्हतो. पण देवाच्या दारात पुजाऱ्यानं सांगितलं, तं जेवलोच असन. आता तिथी दुसऱ्यांदा कसा बसू?"
हे रागानं म्हणाले नाहीत. खरंच तसं मानतात. माझा शब्द देवानं ऐकला, आता तो खोटा कोण पाडणार?
मीच. दुसरं कोण पाडेल?

३० एप्रिल, बुधवार. अक्षय तृतीया
आज सगळ्यांसमोर सांगेन असं ठरवलं होतं. घागरीची पूजा केली, वडिलांना घास ठेवला, मंदिरात आरती केली. लोक पाया पडत होते. प्रसाद वाटला. सांगितलं नाही. नाना होते.

३ मे, शनिवार
सांगितलं. आरती संपल्यावर घंटेची दोरी हातात धरूनच. मारोतीदादा जयंतीला जेवले नव्हते. मी त्यांना वाढलेल्या पानावरून उठवलं आणि देवाच्या दारात खोटं बोललो, जेवले म्हणून.
मग नाना, "अरे, मांडव उतरला, आता काय काढून राह्यला? उठव म्हून मी म्हटलं होतं. माह्यावर आणतं का?"
म्हणालो, "नाही नाना. तुम्ही उठवा म्हणालात. जेवले म्हणा असं नव्हतं म्हटलं."
पुढच्या जयंतीला दुसरा पुजारी पाहतो म्हणाले. पाहतीलही. सुनंदाला सांगितलं तर म्हणाली, "पाहू द्या."
मला वाटलं होतं, बोललो की हलकं वाटेल. वाटलं नाही. पण नजर देवावर राहिली.
टोल्यावर जाऊन सांगणार नाही. मी खरं बोललो हे सांगायला जाणं म्हणजे पुन्हा शाल मागायला जाणं. ऐकायचं असेल तर कानावर जाईलच.

१० मे, शनिवार
तेंदूचा हंगाम सुरू. टोल्याची माणसं पहाटे पानं तोडतात, घरी पुडे बांधतात, आणि ऊन कललं की ते घेऊन फळीवर जातात, ठेकेदाराचा मुंशी पुडे मोजून घेतो तिथं. रस्ता मंदिरावरूनच.
आज भात, वरण, वांग्याची भाजी केली. सुनंदानं थोडी बुंदी पाडली. देवाच्या दाराशी पान मांडलं, पळसाचंच. माझं पान मांडलं नाही. फोटो उतरवून नानांच्या घरी देऊन आलो. नाना घरी नव्हते, त्यांच्या सुनेनं घेतला.
काकू आणि सून पुढे गेल्या. मग दादा आले, डोक्यावर पुड्यांचा भारा. मंदिरासमोर थांबले.
"कोणाचं पान आहे?"
"तुमचं. त्या दिवशीचं."
भाऱ्यामुळे मान वळवता येत नव्हती. चेहरा नीट दिसला नाही. मग म्हणाले, "फळीवर उशीर झाला तं मुंशी पुडे घेत नाई."
आणि गेले.
मारोतीराव म्हणाले नाहीत. मिताही म्हणाले नाहीत.
पान दुसऱ्या पानानं झाकून ठेवलं आहे. वर दगड ठेवला, वारा आहे. फळीवरून परत यायलाही हाच रस्ता. हे पायरीवर बसूनच लिहितो आहे. सुनंदा मघाशी येऊन गेली, जेवायला चला म्हणाली. तू जेवून घे म्हणालो. ती गेली नाही, पलीकडच्या पायरीवर बसली आहे.