गिरणीवाले चिरंजीव

काळेवाडी

ती. आईंना स्वप्नालीचा नमस्कार. आधीच सांगते, सोबतचा फोटो पाहून घाबरू नका. तुमच्या निरंजनचे केस पिकलेले नाहीत, ते पीठ आहे.

मुंबईच्या इन्व्हेस्टमेंट बँकेत हे कंपन्या एकमेकींत विलीन करायचे. इथे गिरणी उघडल्या दिवशीच शेजारच्या अंबूबाईंच्या गव्हात दुसऱ्या बाईची बाजरी विलीन केली. अंबूबाई अजून बोलत नाहीत, पण दळण आमच्याकडेच आणतात.

गिऱ्हाईक बेताचंच आहे. दिवाळीला भाजणी येईलच. तुमचा गुडघा कसा आहे? गावात अजून ‘मुलगा बँकेत’ सांगत असाल, तर खुशाल सांगा.

मुंबईत गोळी घेऊनही ह्यांना झोप नव्हती. इथे दुपारी पोत्याला टेकून घोरतात. गिरणी थांबली की मात्र दचकून उठतात. म्हणून दळण संपलं तरी मी ती जरा वेळ रिकामीच फिरू देते.

तुमची,
स्वप्नाली