बाकावरून गायब केलेल्या अर्जदारास परत बसविणे व त्याच्या पोटावरील बाण हलविणेबाबत

प्रति,
मा. प्रमुख अधिकारी,
घरबसल्या पर्यटन कक्ष,
भोपाळ.

विषय : टाउनशिपच्या तलाव-उद्यानाच्या मोबाईल सफरीत अर्जदारास पूर्ववत दाखविणेबाबत.

संदर्भ : माझे हिंदीतील दोन अर्ज व त्यांवर आपल्या कार्यालयाने केलेली कार्यवाही.

महोदया,

सविनय निवेदन की, खाली सही करणारा दिगंबर वैरागडे हा इसम हयात आहे. हे आधीच का लिहावे लागले, ते पुढे कळेल. मी मूळचा नागपूरचा. येथील सरकारी कारखान्यात टर्बाइनच्या शॉपमध्ये आयुष्य काढून निवृत्त झालो आणि अवधपुरीत घर बांधले. फिरायला मात्र जुन्या सवयीने कारखान्याच्या टाउनशिपमधल्याच तलाव-उद्यानात जातो. आपल्या दारावर 'विजया सरमंडल' अशी पाटी वाचली. आपण इंदूरकडच्या मराठी असाव्यात, या आशेवर हा अर्ज मराठीत करीत आहे.

१. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी आपल्या कक्षाचा फोटोग्राफर उद्यानात आला. तिपाईवर ठेवलेला त्याचा कॅमेरा सावकाश गोल फिरत होता. "अंकल, बिल्कुल हिलना मत," असे तो ओरडला. बाकावर मी आणि माझे मित्र अच्युत देशकर बसलो होतो. माझ्या हातातली जलेबी तोंडाच्या वाटेवर होती. कारखान्यात हुकूम पाळायची सवय लागलेली, त्यामुळे मी तोंड उघडे ठेवून तसाच थांबलो. देशकरांनी कधीच कुणाचे ऐकले नाही. ते हलले, आणि फोटोत त्यांच्या जागी नुसता धुरकट पट्टा आला. नियम मोडणारा सुटला, पाळणारा जलेबीसकट सापडला.

२. येथे नमूद करणे भाग आहे की मला मधुमेह आहे. माझी पत्नी सौ. मंदाकिनी मला फिरायला पाठवते ती साखर उतरावी म्हणून. घरी दुधीचा रस आणि मेथीचे पाणी यांवर माझा निर्वाह चालतो.

३. सफर तयार झाली. मोबाईलवर बोट फिरवले की उद्यान चहूबाजूंनी दिसते, बाणाला बोट लावले की माणूस पुढच्या ठिकाणी पोहोचतो. व्यवस्था उत्तम आहे. फक्त देवळाकडे जाणारा बाण आपल्या माणसांनी बरोबर माझ्या पोटावर लावला. ज्याला देवदर्शन हवे, त्याने माझे पोट दाबायचे!

४. माझा मेहुणा मनोहर नागपूरहून येणार होता, म्हणून आम्ही उभयता हबीबगंज स्टेशनवर गेलो. (स्टेशनचे नाव बदलले आहे, याची कल्पना आहे. जीभ बदलत नाही.) बाहेर आपल्या सफरीचा माणसाएवढा पडदा लावला होता आणि लोक ओळीने माझ्या पोटात बोट खुपसत होते. एक बाई मुलाला म्हणाली, "मोटे अंकल को दबा, मंदिर आएगा." मंदाकिनीने आधी पडद्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. "एवढं फिरूनसुद्धा साखर का उतरत नाही, ते कळलं," एवढेच ती बोलली आणि त्यानंतर तिने माझ्याशी बोलणे टाकले. ताटात दुधी वाढत गेला.

५. यावर मी पहिला अर्ज दिला. त्यात ओळख लपविण्याची विनंती होती. आपल्या कार्यालयाने माझा चेहरा पुसट केला. पोट, बाण आणि जलेबी तिन्ही स्वच्छ ठेवले. आता मी वर्तमानपत्रात छापतात तशा पकडलेल्या आरोपीसारखा दिसू लागलो. तोही जलेबी चोरताना.

६. दुसऱ्या अर्जात मी लिहिले, "मेरे पेट से तीर हटाया जाए." आपल्या कार्यालयाने तीर ठेवला आणि पोट हटवले. पोटामागोमाग मलाही. बाकाखाली फक्त चपला राहिल्या, आणि हवेत अधांतरी एक जलेबी. पर्यटक आता उद्यानात येऊन पहारेकऱ्याला विचारतात, "भूत कितने बजे आता है?"

७. याहून गंभीर बाब अशी की माझी धाकटी बहीण इंदुमती नागपूरला बसून रोज ही सफर उघडून मला पाहत असे. दादा दिसेना आणि चपला तेवढ्या दिसल्या, तेव्हा तिने हंबरडा फोडत फोन लावला. तो मंदाकिनीने घेतला. "अगं, गेले नाहीत. समोर बसलेत, दुधी खातायत," असे ठणकावून तिने फोन ठेवला. मग मात्र स्वतःच मोबाईल घेऊन बसली. उद्यान गोल फिरवले, पुन्हा फिरवले. तलाव, झाडे, रिकामा बाक. "कुठे घातलं हो ह्यांनी तुम्हाला?" म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला. इतक्या दिवसांनी ती माझ्याशी बोलली होती. मी दुधी संपवला.

८. फिरवता फिरवता तिला त्या चित्रात कुंपणापलीकडे आमचे जुने क्वार्टर दिसले. लग्न होऊन ती भोपाळला आली, ती त्याच घरात. दुसऱ्या दिवशी ती आपणहून माझ्याबरोबर निघाली. क्वार्टरच्या फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. आतल्या बाईंनी "किससे मिलना है?" विचारले, तर म्हणाली, "किसी से नहीं जी, हम यहीं रहते थे." त्यांनी आम्हाला चहा पाजला. तेव्हापासून ती रोज येते. देशकरांना दुसरा बाक शोधावा लागला आहे. याबाबत त्यांची स्वतंत्र तक्रार येण्याची शक्यता आहे.

तरी विनंती की सफरीचे चित्रीकरण नव्याने करावे. बाण झाडावर, कचरापेटीवर किंवा आपल्या सोयीने कोठेही लावावा. फोटोग्राफर कधी येणार ते आधी कळवावे, कारण मंदाकिनीला माझ्याशेजारी बसायचे आहे आणि त्यासाठी तिने इंदूरहून माहेश्वरी साडी मागवली आहे. मी अजिबात हलणार नाही, हे लिहून देतो. ती बोलणार नाही, असे मात्र कोणत्याही परिस्थितीत लिहून देता येत नाही.

आपल्या उत्तराची वाट पाहणारा, सदेह,

दिगंबर वैरागडे
अवधपुरी, भोपाळ
दिनांक : १९ फेब्रुवारी २०२४

सोबत : अर्जदार हयात असल्याचा दाखला (पत्नीने स्वहस्ते लिहिलेला. मजकूर : "आहेत. बघून घ्या.")