अळीला सवय लागत नाही

२ डिसें.
हेडसर म्हणाले, कडोलीच्या साहित्य संमेलनात उत्क्रांतीवर बोलायला शाळेतर्फे रेखा जाईल. यंदाच रुजू झालेली रेखा. ती फ्रॉक घालत होती तेव्हापासून मी इथं जीवशास्त्र शिकवतेय. अभिनंदन केलं. करावं लागलं.

४ डिसें.
रे. दहावीच्या पोरांना निपाणीला घेऊन गेली, तंबाखूवरच्या अळ्या दाखवायला. माझ्याच भावाच्या शेतात. नंबर मीच दिलेला. संध्याकाळी अण्णाचा फोन, "बाई लई हुशार हाय गं तुमची." मला कधी म्हणाला न्हाय.

७ डिसें.
स्टाफरूममध्ये रे.नं भाषण वाचून दाखवलं. चांगलंय. तेच तर. पण एक चूक आहे. म्हणे अळ्यांना फवारणीची सवय झाली, म्हणून आता त्या मरत नाहीत. सवय कसली? काही अळ्या जन्मतःच वेगळ्या, औषध पचवणाऱ्या. बाकीच्या मरतात, या उरतात, यांचीच अंडी पुढं वाढतात. नैसर्गिक निवड म्हणजे हेच. कुणाच्या लक्षात आलं नाही. मी गप्प. वर मानही डोलावली.

९ डिसें.
भर मंडपात उघडी पडेल. पडू दे. दिवसभर हेच डोक्यात. भाकरी करपली.

१२ डिसें.
चाचणीत एका मुलीनं तेच उत्तर लिहिलं, अळ्यांना सवय होते म्हणून. रेखाबाईंनी सांगितलंय म्हणाली. आता पोरंही चुकीचं शिकणार म्हटल्यावर राहवेना. शाळा सुटल्यावर शहापूरला रे.च्या घरी गेले. तिचे वडील मागावर साडी विणत होते, त्या खटखटीत मोठ्यानं बोलावं लागलं. "अळी बदलत नाही गं, पिढी बदलते." तिनं हळूच विचारलं, "बाई, त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"
लक्षात नाही आलं, म्हटलं.

११ जाने.
कडोली. मंडप गच्च. रे. सुंदर बोलली. "अळी बदलत नाही, पिढी बदलते" याला टाळ्या. माझं वाक्य! पुढं नावही घेतलं, हे आमच्या बाईंनी शिकवलं म्हणून. लोक वळून बघायला लागले. तेही सोसेना. नाव न घेती तर निदान नीट चिडता तरी आलं असतं.

१४ जाने.
रे. तिळगूळ घेऊन आली. निपाणीच्या एका कॉलेजातून बोलावणं आलंय. म्हणाली, "दोघी मिळून बोलू या का, बाई?" बघते म्हटलं. तिच्याशेजारी व्यासपीठावर बसायचं, आणि लोक आधी कुणाकडं बघतात ते मोजत राहायचं.