जुबेदाभाभींनी विहीर राखली

१० मार्च, मंगळवार, संध्याकाळ

आई भवानीनं राखलं म्हणू, का शेजारच्या जुबेदाभाभींनी? दोघींचेही उपकार.

आमची विहीर त्यांच्यात नि आमच्यात निम्मी-निम्मी. चार दिवस पाणी त्यांचं, चार दिवस आमचं. आता भूम गावच्या वाटेला डेटा सेंटर होणार, मोबाईलमधलं सगळं साठवायचं. कंपनीचा माणूस जमीन बघत फिरतोय. मशिनी गार ठेवायला लई पाणी लागतं म्हणे. भाभींनी जमीन दिली तर निम्मी विहीरही जाणार. मग कंपनीची मोठी मोटर बसली की आमच्या वाट्याला काय, चिखल?

आठवडाभर त्या माणसाची पांढरी गाडी भाभींच्या दारात दिसायची. मी मनाशी ठरवूनच टाकलं, की विकली. बोलणं सोडलं. भाभी दिसल्या की तोंड फिरवायचे.

आज बांधावर भाभींनीच हाक मारली. रोजा होता, ओठ सुकलेले.

"अहो ताई, त्या कंपनीवाल्याला वाटेला लावला. म्हटलं, पाणी तुमच्या मशिनी पिणार, मग माझ्या म्हशी काय मोबाईल चाटतील?"

मला हसू आलं नि रडूही. "मला आधी का न्हाय सांगितलं?"

"तुम्ही बोलत होता व्हय? लई फुगला होता!"

खरंच होतं. स्वतःच्या पोरीचं लग्न तोंडावर, पैशाची नड असून बाई कंपनीला नाही म्हणाली, नि मी काय काय मनात आणलं. माफी मागायला जीभ रेटली नाही.

उद्यापासून पाण्याची पाळी आमची. आधी भाभींच्या म्हशींचा चारा, ते कडवळ भिजवा, मग आपलं, असं ह्यांना सांगितलंय.