जाऊबाईंची नापसंती

९ जानेवारी

बियाण्यांचं पुस्तक आलं! एका गिऱ्हाइकाच्या दोन पँटी कमरेत सैल करायच्या होत्या, त्या मशीनवर तशाच टाकल्या आणि थेट टोमॅटोची पानं उघडून बसले. काय काय काढलंय या वर्षी! पट्ट्यापट्ट्यांचे, जांभळट, नासपतीसारखे लांबोडके पिवळे. एक तर एवढा मोठा की फोटोत शेजारी चहाचा कप ठेवलाय, आणि कप बिचारा बाळ दिसतोय.

ह्यांना दाखवलं. "टोमॅटो म्हणजे टोमॅटो. लाल असतो, गोल असतो. त्यात एवढं काय निवडायचं?" चष्मा न लावताच बोलले. या माणसाबरोबर संसार केला मी!

१० जानेवारी

निवड झाली. वाफे तीन म्हणून जाती तीनच — हे दरवर्षीचं दुखणं. घोसाने लागणारे बारके लाल घेणारच, येता-जाता तोंडात टाकायला. दुसरा 'बैलाचं काळीज'. नाव भयंकर, पण चिरला की आत बी नावाला आणि गर भरपूर. तिसरा तो पिवळा नासपती. त्याच्या चवीचा काही भरवसा नाही. पण जाऊबाईंना काट मारायला काहीतरी नको का? त्या पिवळ्यावर तुटून पडतील आणि माझं बैलाचं काळीज वाचेल. असं दरवर्षी करावं लागतं!

मोठ्या दिरांनी हा कायदा केला नसता तर आम्हा दोघींचं काय झालं असतं कोण जाणे. दोन घरांची भिंत एक, मागची बाग एक. उजवीकडचे वाफे माझ्या टोमॅटोंचे, डावीकडचे जाऊबाईंच्या मिरच्यांचे. पहिली काही वर्षं आम्ही एकमेकींच्या झाडांवरून असं भांडायचो की शेवटी दीर म्हणाले, "आपापलं निवडा. पण समोरचीची एक जात नापसंत करायचा हक्क दोघींना. कारण सांगायचं नाही, विचारायचंही नाही." दीर गेले, त्यालाही आता दोन वर्षं होतील. कायदा चालू आहे.

११ जानेवारी

आज काहीतरी विचित्रच झालं.

जाऊबाई म्हणजे जन्मभर शाळेत गणित शिकवलेल्या बाई. पुस्तक दिसलं की आधी लाल पेन्सिल शोधणार, मग चष्मा, मग मला बसायला सांगणार. एका वर्षी म्हणाल्या होत्या, "हा टोमॅटो आहे की भोपळ्याचं पोर?" एका वर्षी नुसतंच "शी!" आणि काट. आज त्या ओट्यापाशी चहा गाळत होत्या. मी पुस्तक उघडून धरलं. तिथूनच बघितलं त्यांनी.

"छान आहेत सगळे."

"पिवळासुद्धा?"

"लाव की. बघायला बरा आहे."

पेन्सिल काढलीसुद्धा नाही! मी भांडायच्या पूर्ण तयारीने गेले होते. पिवळ्याच्या बाजूने बोलायचे मुद्देसुद्धा ठरवले होते. सगळे फुकट. चहा पिऊन मुकाट्याने परत आले.

१२ जानेवारी

"छान आहेत सगळे"? जाऊबाई??

१५ जानेवारी

मला कळलं! रुसल्या आहेत. गेल्या हंगामातल्या त्या फजितीवरून.

त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी ढोबळी मिरचीचं बी घरीच धरलं होतं. पण पाणी घालायला सोपं पडावं म्हणून ढोबळीला खेटूनच लवंगी लावलेली. मधमाश्यांना काय, या फुलावरून त्या फुलावर! गेल्या वर्षी त्या बियांची झाडं झाली. मिरच्या दिसायला अगदी ढोबळी — गुटगुटीत, हिरव्यागार. जाऊबाईंनी कौतुकाने गल्लीभर वाटल्या आणि संध्याकाळी अख्खी गल्ली घटाघटा पाणी पीत होती! ह्यांनी तर कच्चीच चावली. कानातून धूर निघायचा बाकी होता, तरी डोळे पुसत म्हणाले, "छान आहे वहिनी." पोस्टमन पुढे कित्येक दिवस फाटकातूनच पत्र द्यायचा, आत यायचाच नाही.

सगळे हसले होते. जाऊबाईही हसल्या होत्या. पण गणिताच्या बाईंचा हिशेब चुकला म्हणजे मनात राहणारच.

ह्यांना सांगितलं तर म्हणे, "मिरचीवरून कोणी एवढं रुसत नाही."

"तुम्हाला जाऊबाई माहीत नाहीत."

"तू या घरात आलीस त्याच्या आधीपासून माझी वहिनी आहे ती!"

मी उठून पँटींचं काम संपवलं.

१८ जानेवारी

आज जाऊबाईंची परीक्षा घेतली. घोसाचे बारके काढून त्या जागी मुद्दाम काळा टोमॅटो लिहिला. तोच काळा, जो मागे एकदा लावला होता — फुटून फुटून वाफाभर पसरला, आणि चव ओल्या पुठ्ठ्याची. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या होत्या, "हा परत या बागेत दिसला तर मी मधे कुंपण घालीन."

आज नेऊन दाखवला. बोट ठेवून दाखवला!

"बघ बाई, तुझी हौस," म्हणाल्या आणि वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या.

मला रडूच यायला लागलं. काळा टोमॅटो आता मी कशाला लावू? घरी येऊन आधी तो खोडला.

२४ जानेवारी

मिरचीचं बी टोमॅटोसारखं नसतं. त्याला ऊब लागते, उगवायला वेळ लागतो, आत्ता नाही पेरलं तर हंगाम संपताना कुठे फुलं दिसतील. हे मला जाऊबाईंनीच शिकवलेलं. दरवर्षी या दिवसांत त्यांच्या फ्रिजवर रोपांचे ट्रे मांडलेले असतात, आणि त्या दूध काढायला गेल्या तरी आधी ट्रेमध्ये डोकावतात. या वर्षी फ्रिजवर नुसती कॅलेंडरची गुंडाळी.

"ताई, मिरच्या कुठल्या ठरवल्या?"

"तूच ठरव गं. तुला आवडतील त्या लाव."

वर त्यांचे ट्रे घासूनपुसून माझ्या हातात दिले. "हे तुझ्याकडेच असू देत." मी वेडी! घरी येऊन ह्यांना म्हणाले, बघा, राग गेला वाटतं, ट्रे दिले मला.

२९ जानेवारी

पुतणीचा फोन. नेहमीसारखी खिदळत होती, मग एकदम म्हणाली, "काकू, आई तुमच्याशी बोलली असेल ना? इकडे यायचं?"

"कुठे?"

"माझ्याकडे. कायमचीच. मी तिच्यासाठी खोली रिकामी केलीय."

मी काहीतरी हो-हो केलं. थंडीच्या सुरुवातीला मागच्या पायरीवर त्यांचा पाय घसरला होता, तेव्हापासून पोरगी पाठीस लागलीय म्हणे. तिचंही बरोबर आहे. आई एकटी राहते, रात्री-अपरात्री पडली तर? "आई बघू म्हणते. पण हंगाम सुरू व्हायच्या आत आणायची आहे मला. एकदा बागेत शिरली की हलायची नाही."

म्हणजे मिरचीचा रुसवा नाहीच. त्यांनी मनातून आवराआवर सुरू केली आहे.

३० जानेवारी

राग आलाय मला. भिंतीपलीकडे राहतो आम्ही! सकाळचा चहा एकीकडे, संध्याकाळचा दुसरीकडे. सुईत दोरा ओवता येत नाही तेव्हा त्या ओवून देतात, आणि त्यांचा गॅस सिलिंडर मी हलवते. आणि मला फोनवरून कळावं?

ह्यांना सगळं सांगितलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "लेकीकडे जावंसं वाटत असेल तर जाऊ दे. तू मधे पडू नकोस." यांचं बोलणं शहाण्यासारखं असतं तेव्हा मला फार त्रास होतो.

राग नाही, भीती आहे. त्या गेल्या तर मी टोमॅटो तरी कोणाशी भांडून लावू? मला त्या इथे हव्या आहेत. बस.

३ फेब्रुवारी

मधे पडायचं नाही असं ठरवलंय. आज दिवसभर पाळलं.

४ फेब्रुवारी

आज नाही पाळलं. पण माझा इलाज नव्हता!

जाऊबाईंच्या वाटच्या मिरच्या मीच निवडल्या — एक ढोबळी, एक लांब शिंगासारखी, एक लवंगी. वाफे कागदावर आखून नेले. मुद्दामच ढोबळी आणि लवंगी अगदी शेजारी काढली. म्हटलं, निदान यावर तरी ओरडतील. त्यांनी कागद बघितला. ओठ हलले. ओरडणार होत्या, मला दिसलं! पण कागदाची घडी घालून परत दिला.

मग माझ्याने राहवेना. "तुम्ही जाताय हे मला पोरीच्या फोनवरून कळावं?"

खुर्चीत बसल्या. "अजून काही ठरलं नाही."

"मग नापसंत का करत नाही काही? काळा टोमॅटो चालला तुम्हाला!"

"जे मी खायला इथे नसणार, त्याला नाकं कशाला मुरडू?" अगदी हळू म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पाय घसरला तर तुम्हीच धावणार. आज सिलिंडर, उद्या औषधं, परवा मीच. किती दिवस? तुम्हालाही तुमचं वय आहे."

म्हणजे हे होतं मनात! आमच्यावर भार!

"ताई," मी म्हणाले, "माझी या वर्षीची नापसंती शिल्लक आहे ना?"

"आहे. का?"

"मग वापरली. तुमचं जाणं मला नापसंत. कारण विचारायचं नाही."

"ती मिरच्यांना असते, माणसांना नाही!"

"कायदा करताना भावजी तसं म्हणाले नव्हते."

त्यावर त्यांना हसू आलं. खरंच आलं. पण मग डोळेही भरले, आणि माझेही, आणि चहा उतू गेला तो कोणीच बघितला नाही. निघताना मी एवढंच म्हणाले, की लेकीकडे जावंसं खरंच वाटत असेल तर मी स्वतः बॅग भरून देईन. पण आमच्यासाठी म्हणून जाणार असाल तर जाऊ देणार नाही.

५ फेब्रुवारी

फार बोलले का?

ह्यांना विचारलं. "हो," म्हणाले. थोड्या वेळाने — "बरं केलंस." आणि हातोडी-खिळे घेऊन गेले. जाऊबाईंच्या मागच्या पायरीला कठडा बसवायचाय म्हणे. आमच्या घरातला साधा पडद्याचा दांडा वर्षभर लोंबतोय!

९ फेब्रुवारी

कठडा झाला. थोडा तिरका आहे. जाऊबाईंनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हात फिरवला. "भावजी, काटकोन कशाला म्हणतात ते विसरलात वाटतं." हे इतके खूश झाले की दुपारी दांडाही बसवला. तोही तिरका.

बाकी त्यांनी काही सांगितलं नाही, मी काही विचारलं नाही.

११ फेब्रुवारी

टोमॅटो पेरले. बैलाचं काळीज, घोसाचे बारके आणि — हो, पिवळा नासपती. नापसंत झालाच नाही, तर आता लावणं भाग! ट्रे खिडकीत ठेवले. मिरच्यांचे ट्रे रिकामेच, त्यांच्याकडे बघवत नाही. मी निवडलेल्या मिरच्या मला पेरवेनात.

संध्याकाळी भिंतीपलीकडे जाऊबाई फोनवर बोलत होत्या. बराच वेळ. मी काही भिंतीला कान लावला नाही. जवळ उभी राहून इस्त्री केली, एवढंच. शब्द कळले नाहीत. आवाज मात्र तोच, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

१७ फेब्रुवारी

बारके उगवले! हिरवे दोरे नुसते, मातीतून पाठ वाकवून वर येताहेत. मी ओरडले तसे हे धावत आले, म्हणाले मला वाटलं सुई बोटात गेली. मग चष्मा लावून वाकून बघत राहिले. "हे लाल होणार ना?" म्हणे. "लाल आणि गोल," मी म्हटलं.

जाऊबाईंना बोलवायला गेले तर दाराला कुलूप. पुतणीकडे गेल्या की काय, न सांगता? रोजची चप्पल दाराशी होती, उन्हाची छत्री नव्हती. दुपारभर माझी एकही शिवण सरळ आली नाही.

१८ फेब्रुवारी

काल जाऊबाई बियाणेवाल्याकडे गेल्या होत्या. आज सकाळी आल्या आणि एकच पाकीट टेबलावर ठेवलं. झाडमिरची. मी कधी नावही ऐकलं नव्हतं. पाकिटामागे छापलंय — पहिल्या वर्षी नुसतं झाड वाढतं, मिरच्या दुसऱ्या वर्षापासून लागतात, पुढे बरीच वर्षं देते, एकदा लावल्यावर जागा बदलू नये.

वाचून वर बघितलं. त्या माझे उगवलेले टोमॅटो बघत होत्या.

"भिंतीकडचा वाफा मोकळा कर," म्हणाल्या. "आणि तो पिवळा नासपती काढ."