बारा पोरींचं बीपी

आश्रमशाळा, ता. शिरपूर
१९ नोव्हेंबर २०२४

ती. अमरसिंगदादास,
सुनिताचा सा. न. वि. वि.

वसतिगृहात मोबाईल चालत नाही म्हणून पत्र. मोठं संकट आलंय. काल डॉक्टरीणबाई तपासणीला आल्या आणि आमच्या खो-खोच्या बाराही पोरींचं बीपी जास्त निघालं! आमचे खो-खोचे ईश्वर सर मटकन खालीच बसले. आता आमचं पळणं बंद, धुळ्याचे सामने बंद आणि बठ्ठ्याच्या बठ्ठ्या वसतिगृहाच्या भाजीतलं मीठपण बंद. बाकीच्या पोरी आम्हाला खाऊ की गिळू करतात. पंधराव्या वर्षी मला म्हातारीचं दुखणं कसं झालं? पुन्हा तपासणी आहे. पुढच्या साली दहावी, म्हणजे यंदा नाही तर धुळं नाहीच. काहीतरी सुचव.

रागावू नको, उत्तर धाड.
तुझी सुनिता

मोरबी
२६ नोव्हेंबर

चि. सुनितास,
दादाचे पोतंभर आशीर्वाद. वि. वि.

मी उभ्यानंच लिहितोय, फरशीच्या खोक्यावर कागद ठेवून. बसलो की पाय वळवळतात, तुला ठाऊकच आहे. सातवीतून पळालो तो त्या बाकामुळं, गणिताला उगाच नाव ठेवतात.

आता मला सांग, तपासायला तुम्ही पळत गेल्या का? नाव पुकारलं की मैदानाच्या त्या टोकावरून धावत यायचं, चालत आलं तर एक फेरी जास्त, हा ईश्वर सरांचा कायदा मी भोगलाय. अगं, पळाल्यावर घोड्याचंपण बीपी वाढेल! आधी निवांत बसा, मग पट्टा बांधा. बांधला की चिंधाकाकाची ट्रॅक्टर घेतल्याची गोष्ट आठवा. ती सुरू झाली की पारावरची कुत्रीसुद्धा झोपतात. बाकीच्या पोरींनापण शिकव.

सरांना माझं नाव सांगू नको, त्यांचं वाढेल.

आपला लोभ बिनमिठाचाही चालतो.
तुझा दादा

आश्रमशाळा
८ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं खरं निघालं. धापा टाकत आल्यात, पुन्हा बसवून मोजू, असं बाई त्याच दिवशी म्हणाल्या होत्या. सरांनी नुसतं ‘जास्त’ ऐकलं! बसवून मोजल्यावर बाराही ठीक. फक्त डिंपल तुझ्या चिंधाकाकामुळं घोरायला लागली. पोरगी बेशुद्ध पडली म्हणत सरांनी तांब्याभर पाणी ओतलं, ते बाईंच्या अंगावर.

मग बाईंनी आम्हाला पायरीवर चढ-उतर करायला लावून मोजलं. तेव्हा सगळ्यांचं वाढतं, पण माझं जरा जास्तच वाढतं. आजार नाही म्हणाल्या. खेळ सोडायचा नाही, पापड-लोणचं कमी करायचं, अधूनमधून मोजायचं, आणि घरच्यांचंपण बघून घ्यायचं. मला खेळू द्या असं लिहूनही दिलं. पण सर घाबरट. घरच्या सगळ्यांचं बीपी ठीक आल्याशिवाय माझं नाव संघात घालणार नाहीत. आई-बाबांचं ठीक आलं. राहिलास तू. वीस तारखेला नावं जातात. दादा, पाच मिनिटं गप बस रे, माझ्यासाठी.

तुझ्या पायांना नमस्कार आणि विनंती.
सुनिता

मोरबी
१७ डिसेंबर

चि. सुनितास,
गोड आशीर्वाद. वि. वि.

माझ्या बीपीच्या चिठ्ठीचा फोटो सरांच्या मोबाईलवर टाकलाय. हे पत्र नुसती मजा सांगायला.

कारखान्यातल्या कंपाउंडरनं मला खुर्चीत बसवलं. मी पंखा नीट करायला उठलो. तो म्हणाला, पहिल्यापासून. मग बाहेर ट्रक आला, मी हात द्यायला पळालो. शेवटी त्यानं खोकी बांधायच्या पट्टीनं मला खुर्चीला बांधलं. मला इतकं हसू आलं की आकडा वरच गेला. त्यानं सोडलं आणि हात जोडून सांगितलं, बाबा, उद्या ये.

आज गेलो. पाय वळवळायला लागले, तसं मी डोळ्यांपुढं धुळ्याचं मैदान आणलं. तू पळत होतीस, खांबाला वळसा घालून, हुलकावणी देऊन. तू पळत होतीस म्हणून मला उठावं लागलं नाही. कंपाउंडरनं खांदा हलवला तेव्हा कळलं, मोजून झालंय. एकशे अठरा, शहात्तर.

पळ आता. बसायचं काम मी करून टाकलंय.

लोभ धावता असू दे.
तुझा दादा