खरडपट्टीची उदाहरणं

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मामंजींनी कोशातली ‘खरडपट्टी’ आणि तिची सगळी भावंडं माझ्या गळ्यात घातली आहेत. प्रत्येक शब्दाचा अर्थ द्यायचा नि खाली वापराचं उदाहरण. कानउघाडणी आपल्या माणसाची, त्याच्या भल्यासाठी. वाभाडे चारचौघांत निघतात. ताशेरे न्यायाधीश ओढतात. तोंडसुख घ्यायला कारणही लागत नाही.

मला लांब शोधावं लागत नाही. वरच्या मजल्यावर सासरे, खाली कार्यालयात संपादक, माणूस एकच! सकाळी चहा पांचट म्हणून हजेरी, दुपारी स्वल्पविरामावरून बिनपाण्याने. ह्यांना सांगावं तर म्हणतात, बाबा मनाने चांगले आहेत. जीव नुसता घुसमटतो गं. तुझ्या शाळेतली शिक्षिकेची जागा मला हवीच आहे, पण मामंजींपुढे विषय काढायला जीभ रेटत नाही.

तुझी,
बारकी

९ जून

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

लहानपणी मला सळो की पळो करणारी ती तूच ना? मुख्याध्यापिका महिनाअखेरपर्यंत थांबतील. तोंडाने जमत नसेल तर उदाहरणांत मामंजींचीच वाक्यं घाल, जशीच्या तशी. वाचून ओशाळतील, तेव्हाच शाळेचं सांगून टाक. तुझे भावोजी म्हणतात, कमी पडली तर त्यांनी बायकोकडून ऐकलेली पाठवतील. मेल्यांना गंमत सुचते! मागची खोली झाडून ठेवली आहे.

तुझीच,
ताई

२१ जून

ती. ताईस,
शि. सा. न.

घातली, एकूण एक. ‘शाई फुकट मिळते म्हणून लिहितेस का?’ हेसुद्धा. मामंजींनी कागद सगळ्यांसमोर मोठ्याने वाचले. टंकलेखक काका मान खाली घालून बसले.

मामंजी मात्र खूश! म्हणाले, इतकी जिवंत उदाहरणं आजवर कुणी दिली नाहीत. मग चष्मा काढून हळूच विचारलं, ही ऐकलीस कुठे? घरी, म्हटलं.

ताई, त्यांचे डोळे पाणावले. डोक्यावर हात ठेवून म्हणाले, माहेरी फार सोसलंस पोरी, बरं झालं आमच्याकडे आलीस.

मी त्याच भरात तुझ्याकडे यायचं, शाळेचं, सगळं बोलून गेले. तर म्हणाले, आता पुन्हा त्या माणसांत तुला पाठवणं नाही. शाळेला नकार त्यांनी स्वतःच्या हाताने लिहून कालच टाकला.

माझ्यावरचा लोभ आहे तसाच ठेव. आता तो पत्रातूनच यायचा.

तुझी,
बारकी